मालकांचा निरोप समारंभ

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला नोकरी, लग्न, खाणंपिणं यातलं काहीही विचारलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "समजा, एखाद्याचा उजवा गुडघा आतल्या बाजूने मुरगळला. सूज आहे, पण चालता येतंय. रविवारपर्यंत बरा होईल का?"

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग नाही होणार."

काका स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अहो ऐकलंत का, ही मुलगी खरं बोलते. खोली दिली!"

मला वाटलं, बिचाऱ्यांच्या मुलाचा गुडघा असेल. तसं मी काकूंना विचारलंही. काकू चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "आमचा मुलगा पुण्यात असतो आणि त्याचे गुडघे उत्तम आहेत. हा ह्यांचा लेफ्ट बॅक."

मी मूळची डोंबिवलीची. नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा काम होतं आणि रोजच्या खेपांना मी कंटाळले होते, म्हणून क्लिनिकजवळच ही खोली. तीन वर्षं मी काका-काकूंच्या घरात राहिले आणि पहिल्याच रविवारी मला कळलं की मी भाडेकरू नाही, तर कोलशेतच्या एका फुटबॉल क्लबची बिनपगारी फिजिओ आहे.

काकांनी आयुष्यात एकदाही फुटबॉलला पाय लावला नव्हता. ते कोलशेतच्या एका रसायनांच्या कंपनीत टाइमकीपर होते. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ते खाडीकडे जायचे. तिथे बंद पडलेल्या मिठागराच्या जागेवर गावातली पोरं फुटबॉल खेळायची. गावातले एक जमीनदार आबा, त्यांनी त्या पोरांना बूट आणले, हिरवे शर्ट शिवले आणि गावाच्या नावाने क्लब काढला. काका डबा खाता खाता बघत राहिले आणि तिथेच अडकले. रिटायर झाले, कंपनीही बंद पडली, पण रविवारी रिक्षा करून मैदानावर जायचं काही सुटलं नाही.

मैदानावर त्यांचं एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. ते गोलाच्या मागच्या उंबराला साखळीने बांधलेलं असायचं आणि किल्ली काकांच्या जानव्याला. मधोमध चांगली सावली सोडून गोलाच्या मागे का बसता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आपलं दुःख जवळून बघावं." संघ बऱ्यापैकी वाईट होता, त्यामुळे दुःखाला तोटा नव्हता.

काका ओरडायचे, पण आदराने. गावातली मंडळी रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असताना हे स्टुलावरून उठायचे, छत्री उंच करायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "पंच महोदय, हे योग्य नव्हे!" खेळाडूंनाही अहो-जाहो. "अहो नऊ नंबर, आपण पास द्या! आपल्याला दोन माणसं दिसत नाहीत का?" समोरच्या संघाच्या गोलकीपरलाही "उत्तम अडवलंत, पण पुन्हा करू नका." पहिल्यांदा खेळायला आलेल्या संघांची हसून हसून पुरेवाट व्हायची आणि मला खात्री आहे की आम्ही जिंकलेल्या मोजक्या सामन्यांपैकी निम्मे याच कारणाने जिंकलो. एकदाच, फक्त एकदाच, नऊ नंबरने रिकाम्या गोलासमोरून चेंडू खाडीत मारला तेव्हा काका "अरे गाढवा!" म्हणाले. सगळं मैदान गप्प झालं. नऊ नंबर सामना संपल्यावर स्टुलापाशी आला आणि काकांच्या पाया पडला.

रविवारी संध्याकाळी काका कार्ड लिहायचे. साधं पोस्टकार्ड, क्लबच्या मालकांच्या नावे. पाकीट का नाही, ईमेल का नाही, यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. "पाकीट उघडावं लागतं. कार्ड आपोआप वाचलं जातं. पोस्टमनने वाचलं तरी एक वाचक वाढला." टाइमकीपरची सवय जाणार कुठे! कार्डात सगळं मिनिटासकट असायचं. "सा. न. वि. वि. अकराव्या मिनिटास आपल्या डाव्या बगलेने उत्तम चढाई केली. तेराव्या मिनिटास तीच बगल पाणी प्यायला गेली व त्या बाजूने गोल झाला. जाळीस उजवीकडे भोक आहे, हे मागील कार्डात कळवले होतेच. कळावे." प्रत्येक कार्डाची कार्बन कॉपी ते काढून ठेवायचे. पोस्टकार्डाची कार्बन कॉपी काढणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आबा होते तोवर त्या कार्डांना माणूस उत्तर म्हणून यायचा. आबा स्वतः स्टुलापाशी येऊन म्हणायचे, "कार्ड भेटला. जाली शिवतो." आबा गेले आणि क्लब त्यांच्या मुलाकडे, म्हणजे शेठकडे आला. सुरुवातीला शेठही चांगले होते, असं काका सांगायचे. पण पुढे शेठनी एका बिल्डरबरोबर भागी केली, टॉवर उभे राहिले आणि मैदानावरची त्यांची फेरी बंद झाली. मग कार्डांना फक्त छापील उत्तर यायला लागलं. वर हात जोडलेल्या शेठचा फोटो आणि खाली एकच ओळ. "आपल्या भावनांची नोंद घेतली आहे."

हे वाक्य आमच्या घरात घुसलं ते गेलंच नाही. माझ्या बाथरूमचा नळ गळत होता. मी काकांना तीनदा सांगितलं. शेवटी वैतागून त्यांच्याच एका कार्डातला मजकूर उचलला, "जाळी"च्या जागी "नळ" घातला आणि कार्ड त्यांच्याच पत्त्यावर पोस्ट केलं. दोन दिवसांनी माझ्या दाराखालून चिठ्ठी आली. काकांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "आपल्या भावनांची नोंद घेतली आहे." काकू त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना गादीवर आडवं व्हावं लागलं. "दुसऱ्या मालकाला नावं ठेवतात, आणि स्वतः कसे घरमालक आहेत बघ!"

मग सोनेरी शर्ट आले.

क्लबचा रंग हिरवा, काकांची छत्रीसुद्धा म्हणून हिरवी. एका रविवारी पोरं सोनेरी शर्ट घालून उतरली आणि प्रत्येकाच्या छातीवर शेठचा हात जोडलेला फोटो. नंबर बारीक, शेठ मोठे. वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्यालाच शर्टांची ऑर्डर दिली होती, म्हणून एकावर चुकून "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा"ही राहून गेलं होतं. तो शर्ट गोलकीपरला मिळाला. उन्हात सगळे इतके चमकत होते की आपला कोण, परका कोण ते आमच्याच पोरांना दिसेना. आम्ही चार गोलांनी हरलो. काकांनी कार्ड लिहिलं, "सातव्या मिनिटास गोलरक्षकाने झेप घेतली, त्यात आपल्या चेहऱ्यास चिखल लागला. दुसऱ्या सत्रात आपण चार वेळा आडवे झालात. खेद वाटतो."

पण खरा धक्का पुढच्या आठवड्यात बसला. मैदानाच्या कडेला बोर्ड लागला. "लवकरच येत आहे! तीन भव्य टर्फ, तासाच्या बुकिंगवर." मैदानाचे तीन तुकडे करून त्यांचे खोट्या गवताचे, जाळीचे पिंजरे करायचे, क्लबचं नाव बदलून त्याला टॉवरचं नाव द्यायचं आणि संघाने सामने खेळायला लांब कुठेतरी जायचं, असं ठरलं होतं. काका बोर्डासमोर छत्री टेकून उभे राहिले. रिक्षात बसले. मग म्हणाले, "गाव नाही, मैदान नाही, हिरवा नाही. मग मी रविवारी नेमकं कोणाकडे जायचं?" त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मला रडूच आलं, आणि मला तोवर ऑफसाइडसुद्धा धड कळत नव्हतं.

क्लबचे नेमाने येणारे समर्थक आम्ही अकरा जण होतो, संघाएवढेच. काकांनी आमची सभा घेतली आणि मालकांवरचा विश्वास उडाल्याचा ठराव एकमताने पास केला. पहिला उपाय बहिष्काराचा. रविवारी आम्ही अकरा जण मैदानाच्या भिंतीबाहेर, मैदानाकडे पाठ करून उभे राहिलो. पाच मिनिटं झाली नसतील, आतून आरडाओरडा आला. काका समोर बघतच मला म्हणाले, "तू फिजिओ आहेस, समर्थक नाहीस. तुझ्यावर बंधन नाही. वळ आणि बघ काय झालं." पुढचा तासभर मी भिंतीवरून डोकावून धावतं वर्णन करत होते आणि बाकीच्या दहाही पाठी ते मन लावून ऐकत होत्या. काकांनी त्यावरून कार्डही लिहिलं, फक्त "ऐकीव माहितीनुसार" असं वर घातलं.

दुसरा उपाय काळ्या फितींचा. काकूंनी जुन्या काळ्या छत्रीचं कापड कापून फिती केल्या. आम्ही त्या दंडाला बांधून बसलो. नेमके त्या दिवशी शेठ कधी नव्हे ते कोणा पाहुण्यांना जागा दाखवायला आले होते. आमच्या फिती बघून त्यांचा चेहरा पडला. "कोण गेलं?" त्यांनी कोणाला तरी विचारलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत माइक घेऊन दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. दोन्ही संघ माना खाली घालून उभे. काकाही उभे राहिले. "शांतता पाळताना बोलणं बरं दिसत नाही," हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

तिसरी कल्पना काकांना दाढी करताना सुचली. अर्धा साबण तोंडाला तसाच, ते बाहेर आले. "अहो, निरोप समारंभ!"

"कोणाचा?" काकूंनी विचारलं.

"मालकांचा."

"ते चाललेत कुठे?"

"कुठेच नाही. हीच तर गंमत आहे!"

मग त्यांनी आम्हाला समजावलं. कंपनीत चाळीस वर्षांत त्यांनी किती जणांना हाकलताना पाहिलं. कोणी सहजी गेला नाही. युनियन, कोर्ट, कचेऱ्या. पण एक स्टोअरकीपर जाऊ की नको करत होता. त्याच्या सहकाऱ्यांनी परस्पर समारंभ ठरवला, शाल-श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं, दोघं बोलताना रडले. सोमवारी तो माणूस आलाच नाही. "एकदा शाल अंगावर पडली की माणसाला खुर्चीत बसायची लाज वाटते. हाकलणं अवघड, निरोप देणं सोपं!" काकूंनी त्यांच्या तोंडावरचा साबण पुसला आणि म्हणाल्या, "तुम्हाला निरोप दिला, तेव्हा तुम्ही सोमवारी गेटपर्यंत जाऊन आला होतात. विसरलात?" काका म्हणाले, "गेटपर्यंतच."

अडचण आली ती मानपत्राची. काकांना ते टोमणे मारत लिहायचं होतं. पण मानपत्रात गुण लागतात आणि खोटं लिहायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. आठवडाभर ते कार्बन कॉप्यांच्या गठ्ठ्यात शेठचे गुण शोधत बसले. मधूनच आतून आवाज यायचा, "अरे, हे मी विसरलोच होतो!" हळूहळू त्यांचा चेहरा पडत चालला. शनिवारी मला म्हणाले, "वाईट झालं. बरेच सापडले."

रविवारी उंबराखाली छोटा मांडव होता. बॅनरवर मोठ्या अक्षरात "कृतज्ञता" आणि खाली बारीक अक्षरात "व निरोप समारंभ". शेठनी आमंत्रणातला पहिलाच शब्द वाचला असावा. ते पांढऱ्या कपड्यांत, चाळीस माणसं आणि ढोल-ताशा घेऊन आले. नौपाड्याची माणसं शाल पातळ आणतील म्हणून स्वतःची जाड शालही बरोबर आणली होती. गाडीत त्यांच्या आई बसल्या होत्या. गुडघे धरल्यामुळे त्या उतरल्या नाहीत, काच तेवढी खाली केली.

काकांनी शाल घातली, नारळ दिला आणि वाचायला सुरुवात केली. "आबा गेले त्याच्या बाराव्या दिवशी आपला सामना होता. आपण घरातून जाळी आणि चेंडू पाठवला व निरोप दिला की खेळ थांबवू नका." शेठ हसत होते, ते थांबले. "एका पावसाळ्यात चुन्याच्या रेषा पुसल्या गेल्या, त्या आपण स्वतः, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पुन्हा आखल्या. रेषा वाकड्या होत्या, हे त्या वेळी कळवले होतेच. गोलरक्षकाचा खांदा निखळला तेव्हा आपण त्यास स्कूटरवर बसवून कळव्याच्या हॉस्पिटलात नेलेत. त्या वेळी आपल्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी आजही माझ्याकडे आहे." काकांनी पिशवीतून खरंच चप्पल काढली आणि टेबलावर ठेवली. कोणी हसलं नाही. काकांनी शेवटचा परिच्छेद वाचला. "त्यानंतर आपण मैदानावर आला नाहीत. आम्ही आपली वाट पाहिली. आता आपल्याला निरोप देत आहोत. कळावे."

शेठनी मान वळवून बॅनर नीट वाचला. "काका, निरोप म्हंजे? मी चाललोय कुठं?"

"ते आपण ठरवायचं," काका म्हणाले. "आम्ही फक्त निरोप देतो आहोत."

ढोलवाल्यांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी जोरात सुरू केलं. शेठ "थांबा रे! थांबा!" ओरडतायत, ढोल वाजतायत, काका हात जोडून उभे, आणि मी काकूंचा हात धरून हसावं की पळावं या विचारात. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि आई उतरल्या. ढोल आपोआप बंद पडले.

"कार्डवाला कोन?" त्यांनी विचारलं.

काका पुढे झाले.

"तू व्हय. दर मंगलवारी माजी सून मना तुजा कार्ड वाचून दाखवतं. मना वाचाला येत नाय. पन कोन कवा पानी प्याला गेला, त्यो मना सगला ठाव हाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू ती गुडघेवाली डॉक्टरीन. लेफ्ट ब्याकचा बरा झाला ना?"

मी कशीबशी मान हलवली. काका स्टुलावर बसले आणि चष्मा काढून हातात धरून राहिले. इतकी वर्षं कोणी वाचत नाही असं समजून माणूस लिहितो आणि एका घरात दर मंगळवारी ते ऐकलं जात असतं. मला त्या क्षणी त्या स्टुलासकट त्यांना मिठी मारावीशी वाटली.

आई मुलाला म्हणाल्या, "ह्यो बोर्ड कसला?"

"आई, टर्फ. तासावर जातात. फायदा हाय त्यात."

"फायदा तुजे टावरान बघ. ही जागा माजे सातबाऱ्यावर हाय. हितं तुज्या बापाचा खेल हाय, त्यो तसाच ऱ्हायल. बोर्ड काढ."

"पन आई, क्लबचा मालक मी हाय."

"शाल घेतलीस ना? नारल घेतलास? मंग जा घरा." त्यांनी काकांकडे हात केला. "आता यो सांभालंल."

काका स्टुलावरून ताडकन उठले. "मी? अहो, मी प्रेक्षक आहे!"

पण ढोल पुन्हा सुरू झाले होते. शेठनी स्वतःची जाड शाल काकांच्या अंगावर घातली आणि अगदी मोकळं हसले. डोक्यावरचं काहीतरी उतरल्यावर माणूस हसतो, तसं. जाताना चप्पल बगलेत मारायला विसरले नाहीत.

पुढचा हंगाम काका मालक होते. हिरवे शर्ट परत आले, गावाचं नाव राहिलं, मैदान राहिलं. संघ मात्र पूर्वीइतकाच हरत होता. काकांनी जाळ्या आणल्या त्या क्रिकेटच्या सरावाच्या निघाल्या. संघनिवडीत ते कोणालाच वगळू शकले नाहीत, कारण प्रत्येकाला अहो म्हणून काढायचं कसं, हा प्रश्न. मी लग्न करून डोंबिवलीला परत गेले तेव्हा माझ्या बाथरूमचा नळ गळतच होता. काकू म्हणाल्या, "आता तर दोन-दोन ठिकाणचे मालक झालेत. आशाच नको."

आईंच्या गुडघ्यांसाठी मी अजूनही दर मंगळवारी कोलशेतला जाते. गेल्या मंगळवारी सून कामात होती, म्हणून आईंच्या नावे आलेलं कार्ड मीच वाचून दाखवलं. तेच सुंदर अक्षर. "सा. न. वि. वि. एकतिसाव्या मिनिटास चेंडू जाळीच्या भोकातून आरपार गेला व पंच महोदयांनी गोल नाकारला. भोकाबद्दल मालकांना अनेकदा सांगून झाले आहे. मालक ऐकत नाहीत. संघनिवड म्हणजे सावळा गोंधळ आहे. सबब, विद्यमान मालकांवरील आमचा विश्वास आता पूर्णपणे उडाला आहे. कळावे." खाली काकांची सही.

आई इतक्या हसल्या की मला त्यांचा पाय सोडावा लागला. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "ते छापलेले कागद हायेत अजून कपाटान. एक काढ आन धाड त्याला."

मी कपाट उघडलं. वर शेठचा हात जोडलेला फोटो, खाली ती ओळ. फोटो तेवढा कापला, आणि काकांचा पत्ता लिहिला.